भीमा-सीनेच्या खोऱ्यातील ग्रामनामे : व्युत्पत्ती आणि वाचन

ग्रामनामांच्या व्युत्पत्तीचा विषय मराठी संशोधनाला नवा नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावांच्या नावांकडे वसाहतीच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले आणि पुढील अभ्यासकांना त्या वाटेला लावले. शब्दाचे मूळ शोधताना प्रथम संस्कृताकडे वळण्याची त्यांची रीतही त्याबरोबरच आपल्याकडे आली. शं. बा. जोशी यांनी ‘मऱ्हाटी संस्कृती’ या ग्रंथात (१९५२) महाराष्ट्रातील स्थलनामांमधील कानडी अवशेषांकडे लक्ष वेधून नेमकी उलट दिशा दाखविली. विश्वनाथ खैरे यांचा ‘द्रविड महाराष्ट्र’ (१९७७) त्याही पुढे जाऊन तमिळच्या साहाय्याने मराठी नावांचा उलगडा करू पाहतो. या तिन्ही अभ्यासकांचे परिश्रम मोठे आहेत आणि त्यांच्या निष्कर्षांशी मतभेद असणाऱ्यालाही त्यांच्याच सामग्रीवर उभे राहावे लागते.

कोणाचा पक्ष खरा याचा निकाल लावण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. हे पक्ष परस्परविरोधी दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे, त्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. नावाला एक मूळ अर्थ असतो, तो हाती लागला की नावाचा इतिहास पुरा झाला, असे ते गृहीत होय. भीमा-सीनेच्या खोऱ्यातील काही नावे या दृष्टीने तपासली असता असे दिसते की, ज्याला आपण ‘व्युत्पत्ती’ म्हणतो ते बहुधा नावाचे मूळ नसून नावाचे एखाद्या काळी, एखाद्या भाषेने केलेले वाचन असते. मूळ एकच असेल. वाचने अनेक असतात. ही वाचने चुकीची असली तरी निरुपयोगी नसतात, कारण कोण केव्हा त्या गावाचे नाव उच्चारीत होते हे तीच सांगतात. मात्र वाचनाला मूळ समजण्याची चूक झाली की सारे गणित बिघडते.

या म्हणण्याला सोलापूर या नावाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. ‘सोळा गावे मिळून सोलापूर’ ही व्युत्पत्ती या शहरात लहानथोर सर्वांना ठाऊक आहे आणि जिल्हा गॅझेटियरातही ती नोंदलेली आहे. तिच्या पुष्ट्यर्थ जी सोळा नावे दिली जातात ती अशी : आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फत्तेपूर, जामदारवाडी, काळजापूर, खादरपूर, खंडेरावकीवाडी, मुहंमदपूर, राणापूर, संदलपूर, शेखपूर, सोलापूर, सोनलगी, सोनापूर आणि वैदकवाडी. ही यादी अनेकदा उद्धृत होते. ती वाचण्याचे कष्ट मात्र क्वचितच घेतले जातात. सोळा ‘पुरां’चे सोलापूर म्हणावे तर यादीत ‘पूर’ अकराच आहेत. त्या अकरांत एक स्वतः सोलापूर आहे. म्हणजे सोलापूर हे नाव पडण्यासाठी जी गावे एकत्र यावी लागली त्यांत सोलापूर नावाचे गाव आधीच होते! शिवाय आदिलपूर, फत्तेपूर, मुहंमदपूर यांसारखी नावे मुसलमानी अमदानीपूर्वीची असणे शक्य नाही, आणि या नगराचे नाव तर त्याहून कितीतरी जुन्या लेखांत आलेले आहे.

यादीतील खरी खूण वेगळीच आहे. सोनलगी आणि संदलपूर ही त्यांतील दोन नावे स्वतंत्र गावांची म्हणून दिली आहेत. परंतु शिलालेखांच्या साक्षीने पाहता ती या एकाच नगराची निरनिराळ्या काळची नावे ठरतात. कल्याणीच्या कलचुरींच्या काळातील लेखांत या स्थळाचे नाव ‘सोन्नलिगे’ असे येते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम कानडी वचनसाहित्यात ‘सोन्नलिगेचा सिद्धराम’ म्हणूनच ओळखला जातो. यादवांच्या पाडावानंतर, शके १२३८ मध्ये, मोहोळ तालुक्यातील कामती येथे कोरलेल्या संस्कृत लेखात हेच नाव ‘सोनलीपुर’ झालेले दिसते. सोलापूरच्या किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’ आहे आणि किल्ल्यातीलच विहिरीवरील लेखात ‘संदलपूर’. इंग्रजी अमदानीत रोमन लिपीतून ‘शोलापूर’ असे लेखन रूढ झाले आणि ते दीर्घकाळ टिकले.

या रूपांची मालिका नीट पाहावी. कानडी लेखातील ‘सोन्नलिगे’ला संस्कृत लेखक हात लावतो तेव्हा शेवटचा ‘-गे’ गळतो व त्याच्या जागी ‘पुर’ येते, कारण राजाश्रयाच्या संस्कृतात नगराला ‘पुर’ शोभते. उरलेल्या ‘सोनल’मध्ये मराठी कानाला सोने ऐकू येते. विहिरीचा लेख लिहविणाऱ्याच्या कानाला त्याच ध्वनींत ‘संदल’, म्हणजे चंदन, ऐकू आले. पुढे सोनलपूरमधील ‘न’ मागे पडून ‘सोलापूर’ रूढ झाले तेव्हा सोनेही गेले, चंदनही गेले, आणि उरलेल्या ‘सोल’मध्ये लोकांनी सोळा हा आकडा पाहिला. येथे कोणी कोणाला फसविले असे नाही. प्रत्येक भाषेने समोर आलेले नाव आपल्या शब्दसंग्रहातून वाचले, इतकेच.

ध्वनींच्या बाजूने एक शंका घेतली जाते, तिचाही येथेच विचार करू. ‘सोनलपूर’मधून ‘सोलपूर’ होईल, ‘सोलापूर’ कसे? माझ्या मते याचे उत्तर शेजारपाजारी आहे. विजयपुराचे विजापूर झाले. तुळजापूर, कोल्हापूर ही नावे नित्य कानावर पडणारी. ‘-आपूर’ हा साचा या टापूत इतका बळकट आहे की, एखादे ‘-अपूर’ त्यात सहज ओढले जावे. सादृश्याने होणारे असे बदल ग्रामनामांत नियमित ध्वनिविकारांपेक्षाही अधिक आढळतात, आणि केवळ ध्वनिनियमांची सूत्रे हाती घेऊन निघालेला विद्यार्थी नेमका येथे अडखळतो.

मग सोळा गावांची यादी टाकून द्यावयाची काय? मुळीच नाही. नावाचे मूळ म्हणून ती निकालात निघते. पण आजच्या शहराने कोणकोणत्या वाड्या, पेठा व वस्त्या पोटात घेतल्या याची ती एक मोलाची नोंद आहे. जामदारवाडी आणि वैदकवाडी ही नावे वाचताना नगराचा व्यवसायवार विस्तार डोळ्यांसमोर येतो. खोट्या व्युत्पत्तीने खरी माहिती जपून ठेवल्याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पंढरपूरचे नाव याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे, कारण तेथे तेराव्या शतकातील अवघ्या तेहतीस वर्षांत नावाची वेगवेगळी रूपे समोर येतात. होयसळ सोमेश्वराचा विठ्ठलमंदिरातील इ. स. १२३७ चा लेख संस्कृत व कानडी असा दुभाषी आहे. कानडी परंपरेत या गावाचे रूप ‘पंडरगे’. यादव कृष्णाच्या इ. स. १२४९ च्या संस्कृत ताम्रपटात भीमरथीच्या तीरावरील हेच स्थळ ‘पौंडरीक क्षेत्र’ होते, आणि इ. स. १२७० च्या लेखात ‘पांडुरंगपुर’. एवढ्या थोड्या वर्षांत गावाने आपले नाव दोनदा बदलले असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती लिहिणाऱ्याची भाषा आणि लिहिण्याचे प्रयोजन. ‘पौंडरीक’ लिहिणाऱ्याच्या मनात पुंडलिकाची कथा आहे. ‘पांडुरंगपुर’ लिहिणाऱ्याच्या मनात देव आहे. डॉ. रा. गो. भांडारकरांनी ही रूपे एकत्र करून त्यांची चर्चा केली. ग. ह. खरे यांनी पंढरपूरच्या लेखांचा साक्षेपाने अभ्यास केला, आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात ‘पंडरगे’ या स्थलनामाला आद्य स्थान देऊन ‘पांडुरंग’ हे त्याचेच संस्कृतीकरण असल्याचे मत मांडले. श्रद्धाळू वाचकाला हे मत प्रथम खटकते. देवावरून गावाला नाव पडावे हे त्याला स्वाभाविक वाटते, गावावरून देवाला पडावे हे विपरीत वाटते. परंतु तुळजापूरची ती तुळजाभवानी असे म्हणताना त्याला काहीच वावगे वाटत नाही.

यावरून पद्धतीचा एक नियम निघतो. कोरीव लेख म्हणजे शेवटचा शब्द, असा आपला समज असतो. लेख जितका जुना तितके त्यातील रूप मुळाजवळचे, असे आपण मानून चालतो. वस्तुतः लेखातील रूप हे लेखाच्या भाषेचे रूप असते. संस्कृत ताम्रपटातील नाव कानडी लेखातील नावापेक्षा जुने सापडले, तरी ते गावकऱ्यांच्या तोंडचे असेलच असे नाही. प्रशस्तीकार पंडितापेक्षा देवळाला तेलाची पळी लावून देणाऱ्याच्या लेखातील ग्रामनाम, त्याची भाषा ओबडधोबड असली तरी, मला अधिक विश्वसनीय वाटते.

सोन्नलिगे आणि पंडरगे यांच्या अखेरीचा ‘-गे’ या खोऱ्यात एकाकी नाही. हिप्परगे, होटगी, करजगी, निंबर्गी, मैंदर्गी अशी नावे सोलापुराच्या आसपास व दक्षिणेस विखुरलेली आहेत; सीमेपलीकडे कलबुर्गी आहेच. हा एका कुळाचा प्रत्यय दिसतो आणि त्याचे घराणे कानडी आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. संस्कृत पक्षाने येथे ‘गृह’ वा ‘ग्राम’ यांचे अपभ्रंश शोधण्याचा खटाटोप करू नये. पण दुसऱ्या पक्षानेही एवढ्यावरून फार मोठी उडी घेऊ नये. सोलापूरजवळील ज्या तलावाला लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात त्यालाच एकरुखचा तलाव असेही नाव आहे. हिप्परगे आणि एकरुख ही दोन्ही गावे एकमेकांच्या शेजारची. एक नाव कानडी वळणाचे, तर दुसऱ्यात ‘एक रूख’, म्हणजे एक झाड, हे कोणाही मराठी माणसाला न शिकविता कळावे. आणि हिप्परगे तरी कानडी राहिले आहे काय? मराठी बोलणाऱ्याने त्याला ‘हिप्परगा’ करून पुल्लिंगी केले, ‘हिप्परग्याला’, ‘हिप्परग्याचा’ असे सामान्यरूप दिले. नाव कानडीचे आणि व्याकरण मराठीचे, अशी ही व्यवस्था कित्येक पिढ्या विनातक्रार चाललेली आहे.

ही बाब केवळ शाब्दिक नाही. भाषावार प्रांतरचनेनंतर दोन्ही बाजूंनी ग्रामनामांच्या याद्या पुराव्यादाखल पुढे करण्यात आल्या. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, त्यात दक्षिण सोलापूर, अक्कलकोट आणि जत या तालुक्यांतील गावांचाही प्रश्न होता, आणि त्या वादाची धग अद्यापही निवलेली नाही. अशा वातावरणात ‘-गी’ने संपणारे नाव म्हणजे एका बाजूचे मत आणि ‘-गाव’ने संपणारे म्हणजे दुसऱ्या बाजूचे, असे मोजमाप सुरू होते. नववा शतकातील ‘कविराजमार्ग’ हा कानडी ग्रंथ कानडी देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो, हे खरे आहे. पण ग्रंथातील सीमा आणि गावातील चुलीपाशी बोलली जाणारी भाषा यांची सांगड नावाच्या एका प्रत्ययावर घालता येत नाही. नाव ठेवणारे, नाव चालविणारे आणि आज त्या नावाने राहणारे हे तीन निरनिराळे लोक असू शकतात. माझ्या मते या सबंध वादात ग्रामनामांचा उपयोग झाला त्यापेक्षा दुरुपयोगच अधिक झाला, आणि त्याची जबाबदारी काही अंशी आम्हा अभ्यासकांकडे जाते. कारण नावाला एकच अर्थ असतो हे आम्हीच शिकविले.

हे सर्व एका ठिकाणी पाहावयाचे असेल तर कुडलला जावे. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंगजवळ सीना भीमेला मिळते. त्या संगमावरील गाव कुडल, आणि दोघांना मिळून लोक हत्तरसंग-कुडल म्हणतात. कानडीत ‘कूडल’ म्हणजे नद्यांची मिळणी. कृष्णा-मलप्रभेच्या संगमावरील बसवेश्वरांचे कूडलसंगम हे त्याचे प्रसिद्ध भावंड. तेथे ‘कूडल’ही आहे आणि ‘संगम’ही. ‘कूडल’चा अर्थ ज्यांना सांगावा लागला त्यांच्यासाठी ‘संगम’ जोडला गेला असावा. आमच्या कुडलला देव संगमेश्वर आहे. म्हणजे गावाने कानडीत आणि देवाने संस्कृतात एकच गोष्ट सांगितली आहे. आता याच भीमेच्या काठाने वर जावे. नीरा जेथे भीमेला मिळते तेथे, नरसिंहपुराच्या समोर, माळशिरस तालुक्यातील गावाचे नाव नुसते ‘संगम’ आहे. एकाच नदीवर, एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना, एकाच भूवैशिष्ट्याचे दोन भाषांतील नामकरण आपल्याला मिळते. व्युत्पत्ती निर्विवाद असण्याची अशी उदाहरणे थोडी, आणि ती निर्विवाद का आहेत हे ध्यानात घेतले पाहिजे : येथे शब्दाला जमिनीची साक्ष आहे. जेथे नद्या मिळत नाहीत अशा एखाद्या कुडलला हीच व्युत्पत्ती डोळे मिटून लावणे धोक्याचे होईल.

आणि याच कुडलच्या संगमेश्वर मंदिरात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, लेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी त्याचे महत्त्व विद्वानांच्या निदर्शनास आणले. जो हा लेख वाचील तो विजयी होईल, अशा आशयाची त्याची अखेरची ओळ मराठीत आहे. श्रवणबेळगोळच्या लेखाला दीर्घकाळ मिळालेल्या आद्यत्वाच्या मानावर या ओळीने आपला हक्क सांगितला, हे सर्वांना विदित आहे. मला येथे वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. मराठीच्या अतिप्राचीन कालनिर्दिष्ट ओळींपैकी एक ज्या स्थळी कोरली गेली, त्या स्थळाचे नाव कानडी आहे. नावावरून भाषेचा प्रदेश ठरविणाऱ्यांनी कुडलला मराठी लेख सापडणार नाही असेच भाकीत केले असते. आणि लेखावरून ठरविणाऱ्यांना कुडल हे नाव मराठीतून सिद्ध करण्याची गरज भासली असती. प्रत्यक्षात अकराव्या शतकातील त्या घाटावर दोन्ही भाषा होत्या, आणि एकीने गावाला नाव दिले होते तर दुसरीने वाचणाऱ्याला आशीर्वाद दिला.

कानडी ‘ऊरु’, म्हणजे गाव, याने संपणारी नावे या खोऱ्यात अनेक आहेत : माचणूर, तोळणूर, हत्तूर. ‘ऊरु’चा अर्थ विसरला गेला की मराठी कान त्याचे तुकडे निराळ्या ठिकाणी पाडतो. माचणूरला सिद्धेश्वराचे मंदिर आहे आणि औरंगजेबाच्या छावणीची आठवण आहे. बादशहाने देवापुढे पाठविलेल्या मांसाची फुले झाली, मांसाचा ‘नूर’ पालटला, म्हणून माचणूर, अशी कथा तेथे सांगतात. कथेमुळे ‘-ऊर’मधील ‘ऊ’ मागील ‘ण’ला चिकटून ‘नूर’ हा अरबी शब्द तयार झाला. व्युत्पत्ती म्हणून ही कथा टिकत नाही हे सांगावयास पंडित नको. पण सतराव्या शतकाच्या अखेरीस येथे घडलेल्या प्रसंगाचा ताण गावाने नावाच्या आधाराने कसा लक्षात ठेवला, हे त्या कथेखेरीज कळणार नाही.

त्याच छावणीची दुसरी खूण समोर आहे. भीमेकाठच्या ब्रह्मपुरीस औरंगजेबाचा तळ १६९५ पासून १६९९ पर्यंत होता, आणि बादशाही दप्तरात गावाचे नाव ‘इस्लामपुरी’ झाले. दिल्लीपर्यंतचे हुकूम या नावाने सुटले. आज मंगळवेढे तालुक्यात ब्रह्मपुरी आहे; इस्लामपुरी फक्त इतिहासग्रंथांत आहे. ‘ब्रह्मपुरी’ हाही एके काळचा राजशासनातील शब्दच. चालुक्य-यादवांच्या लेखांत ब्राह्मणांना दिलेल्या वसाहतीला तो वापरीत. म्हणजे एक सरकारी नाव लोकांच्या तोंडी रुजले आणि दुसरे रुजले नाही. रुजण्याला कालावधी लागतो आणि चार वर्षे त्याला पुरत नाहीत, एवढाच याचा अर्थ घ्यावा. नामांतराच्या आजच्या वादांत ब्रह्मपुरीचे उदाहरण कोणत्याही बाजूने वापरता येईल, म्हणून तर ते जपून वापरले पाहिजे.

अक्कलकोटचे ‘प्रज्ञापूर’ हा आणखी वेगळा प्रकार. तेथील स्वामी समर्थांच्या भक्तिपर लेखनात हे नाव सर्रास येते. ते ‘अक्कल’ या अरबी शब्दाचे सरळ संस्कृत भाषांतर आहे. भक्तीचे नाव म्हणून त्याला कोणाचीच हरकत असू नये. पण त्यावरून ‘मूळ नाव प्रज्ञापूर, मुसलमानी अमदानीत अक्कलकोट झाले’ असे विधान करणारा लेख छापलेला मी पाहिला आहे. भाषांतराची दिशा उलटी वाचण्याचा हा नमुना. मंगळवेढ्याचे पंडिती ‘मंगळवेष्टक’ही त्याच पंक्तीतील. कलचुरींच्या या जुन्या राजधानीचे नाव कानडी लेखांत ‘मंगळिवेड’सारख्या रूपात येते; ‘वेढे’ या शब्दात वेढा दिसला, वेढ्याला ‘वेष्टक’ सापडले, आणि काम झाले.

झाडांवरून पडलेल्या नावांवर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. टेंभुर्णी, पांगरी, मोडनिंब, पळसदेव ही नावे आपला अर्थ स्वतःच सांगतात, आणि अशा नावांची मोजदाद करून जुन्या वनस्पतींचा नकाशा काढण्याचे काम वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांशी मिळून करण्यासारखे आहे. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ हे फार्सी उपपद तर महसुली सोयीचे. कानडीतील ‘हिरे’ व ‘चिक्क’, मराठीतील ‘थोरले’ व ‘धाकटे’ हेच काम करतात.

खरी अडचण उच्चाराची आहे, आणि ती आमच्या विद्यार्थ्यांच्या हातून सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. अक्कलकोट तालुक्यातील हालहळ्ळी हे नाव घ्या. कानडीत ‘हालु’ म्हणजे दूध आणि ‘हाळु’ म्हणजे ओसाड. दुधाचे खेडे की उजाड खेडे, हा सगळा फरक एका ‘ल’ आणि ‘ळ’ चा आहे. जनगणनेच्या रोमन यादीवर विसंबणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही, कारण रोमन लिपीत दोहोंना एकच अक्षर. मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. म्हणजे कागद पाहण्याआधी कान उघडे ठेवून गावात जावे लागते, आणि तेही गावातील माणसाकडून ऐकावे लागते. तालुक्याच्या ठिकाणच्या कचेरीत ऐकलेला उच्चार चालत नाही. विजापूर रस्त्यावरच्या हत्तूरची गंमत तर याहून मोठी. ‘हत्तु’ म्हणजे दहा, ‘हत्तिर’ म्हणजे जवळ, ‘हत्ति’ म्हणजे कापूस, हे सारे कानडीत. आणि मराठी माणसाला त्यात हत्ती दिसल्यावाचून राहत नाही. सोळा गावांचे सोलापूर सांगणारा गृहस्थ कानडीभाषक असता तर त्याने हत्तूरची दहा गावेही शोधून काढली असती. काळी जमीन पाहून मला कापसाचा मोह होतो, हे मी कबूल करतो. पण जुन्या लेखातील एखादे रूप हाती आल्याखेरीज हा मोह निष्कर्ष म्हणून मांडण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

आतापर्यंत गावांच्या नावांचे बोललो. त्यांना निदान दप्तराचा आधार आहे. ती पुसली गेली तरी नोंद राहते. शिवारातील नावांचे तसे नाही. माळ, ओढा, पाणंद, पट्टी, मळा, खडक यांना प्रत्येक गावात स्वतंत्र नावे आहेत, आणि भाषांच्या थरांचा पुरावा ग्रामनामांपेक्षा त्यांच्यात अधिक ताजा आणि अधिक दाट आहे. एकत्रीकरणानंतर गट क्रमांक आले आणि व्यवहारात शेताची ओळख आकड्याने होऊ लागली. सातबाराच्या उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना आजही छापलेला असतो. तो बहुधा कोरा असतो. उजनी धरण १९८० साली पुरे झाले तेव्हा भीमेकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली; त्यांची नावे नव्या जागी नेण्यात आली, पण शिवारे नेता आली नाहीत. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर पाणी आटले की उघडे पडते आणि पाहणाऱ्यांची रीघ लागते. देवळाभोवतीच्या ज्या रानांना नावे होती त्यांना पाहावयास कोणी जात नाही, कारण पाहण्यासारखे तेथे काही नाही. नवे गाव जुन्याच नावाचे. त्या नावाच्या आधारे नव्या जागेचे भूवर्णन करू पाहणारा पुढील काळातील अभ्यासक हमखास फसणार आहे.

सीनेच्या दक्षिणेस एका गावी मी शेतांची नावे उतरून घेत होतो. घराच्या ओट्यावर म्हातारी सासू आणि तिची सून दोघी बसल्या होत्या. उताऱ्यावरील रकाना नेहमीप्रमाणे कोरा. ओढ्याकडच्या तुकड्याचे नाव विचारल्यावर म्हातारीने न अडखळता ‘हुणशीचं रान’ म्हणून सांगितले. सून माढ्याकडची. ती म्हणाली, “आत्याबाई हुणशीचं म्हणत्यात, आमी चिंचंचं म्हणतो.” कानडीत हुणसे म्हणजे चिंच. झाड कुठे आहे म्हणून विचारले, तर ते सुनेच्या लग्नाआधीच तोडले गेले होते. तिने ते पाहिलेले नव्हते. मी वहीत दोन्ही नावे लिहून घेतली, आणि कोणते कोणाच्या तोंडचे तेही.